वाड्यातलं सागवानी कपाट तिसऱ्या मजल्यावर : सोलापुरातल्या एका घराचं प्रकरण

बुधवार पेठेतला वाडा भावाभावांनी मिळून बिल्डरला दिला आणि त्यातल्या धाकट्याने जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तो बँकेत, बायको शाळेत शिक्षिका, दोन मुलं आणि आई, अशी पाच माणसं. फर्निचरसाठी दोन लाख काढून ठेवलेले. स्वयंपाकघर, झोपायची सोय, कपड्यांची सोय, जेवायचं टेबल, सगळं त्यातच भागवायचं होतं. मी सोलापुरात घरांच्या आतली कामं करते, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. आणि आलं तेव्हा घरात दोन पक्ष पडलेले होते.

सुनेने मोबाइलवर तीन दारांचं, आरसा असलेलं वॉर्डरोब आणि खाली सामान ठेवायची सोय असलेला बेड निवडून ठेवला होता. वॉर्डरोब २१,००० रुपये, बेड १७,०००. आठ दिवसांत घरपोच, वर बसवून देणार. सासूबाईंचं म्हणणं एकाच वाक्याचं होतं: वाड्यातलं सागवानी कपाट बरोबर येणार, बाकी काय घ्यायचं ते घ्या. मुलगा दोघींच्या मधे, आणि मिस्त्रीशी बोलायची वेळ आली की हमखास त्याच्या बँकेतून फोन यायचा.

सुनेची बाजू मी आधी ऐकून घेतली. अशा भांडणात ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्याची सरशी होते, आणि पुढे वर्षभर घरातले ड्रेस दाराच्या मुठीला लटकलेले दिसतात. तिच्या तक्रारी खऱ्या होत्या. कपाट जेमतेम दीड फूट खोल. हँगरला लावलेला कपडा सरळ मावायचा तर आतून किमान बावीस इंच लागतात. हे कपाट घडीच्या कपड्यांसाठी केलेलं, धोतरं-लुगडी आणि सतरंज्या-चादरी ठेवायला. वर ऑइलपेंटचे थर: खाली हिरवा, त्यावर बदामी, त्यावर कुणाच्या तरी मुंजीत मारलेला चॉकलेटी. उजवं दार खाली घासत होतं. एका दाराच्या फळीला उभी चीर. मागच्या बाजूला वाळवीची माती. आणि मुख्य म्हणजे, लिफ्टमधून ते जाणार नाही हे डोळ्यांनीच दिसत होतं.

“ताई, हे दुरुस्त करायला जेवढे जातील तेवढ्यात नवीन येतंय की,” ती म्हणाली. हिशोबाने हे खरंच निघालं, पुढे आकडे देते.

पण वाड्यात आणखी एक वस्तू होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सहा वर्षांपूर्वी याच जोडप्याने घेतलेलं दोन दारांचं तयार वॉर्डरोब माडीवरच्या खोलीत उभं होतं. मी त्याच्यापुढे बराच वेळ बसले. खालच्या चार बोटांत फळी फुगून तिची कड पावासारखी फुलली होती, वरचा लाकडासारखा दिसणारा कागद सुटून लोंबत होता. डाव्या दाराची खालची बिजागरी फळीतून निघालेली. स्क्रू हातात आला तो भुश्याच्या चिमटीसकट. त्याच भोकात आधी काडेपेटीच्या काड्या कोंबून पाहिल्याच्या खुणा होत्या. विकणाऱ्याने पहिल्याच वर्षी हात वर केले होते, “पाणी लागलं, वॉरंटीत बसत नाही.”

पाणी लागलं हे खरं. सोलापुरात ते लागतंच, आणि ते पावसाचं नसतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तेव्हा घरोघर पिंपं, हंडे, बादल्या भरून ठेवतात, सांडतं, पुसतात, फर्निचरचे पाय त्यात उभे असतात. दुसरं, कूलर. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, बाहेरची हवा कोरडी ठणठणीत, आणि बंद खोलीत वाळ्याच्या ताट्यांतून रात्रभर ओली हवा. त्या वॉर्डरोबची कूलरच्या तोंडासमोरची बाजू जास्त फुगलेली होती, हे दाखवल्यावर मुलाने पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

असं का होतं ते समजलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. ते वॉर्डरोब पार्टिकल बोर्डचं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या चिपा आणि भुसा, युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदात कालवून, गरम दाबाखाली बसवलेला. ओल आत शिरली की दाबलेल्या चिपा उसळी मारतात आणि गोंद सैल पडतो. वाळल्यावर फळी पूर्वीच्या जाडीवर येत नाही. स्क्रूने धरावं असा सलग धागा त्यात नसतो, म्हणून एकदा भोक मोठं झालं की संपलं. त्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायुरूपात हवेत सुटत राहतं, आणि उष्णता-दमटपणा वाढला की जास्त सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते २००४ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. चांगल्या कंपन्या कमी उत्सर्जनाचा, ‘ई-वन’ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा माल वापरतात. पण स्वस्त मालावर तसा शिक्का शोधून सापडत नाही. बंद बेडरूम, चाळीसच्या वर पारा आणि कूलर, या तिन्हींत तो वास कोणी रोज घ्यावा असं मला तरी वाटत नाही.

सागवानालाही ओल लागते, तेही फुगतं आणि आटतं. फरक इतकाच की ते परत येतं. धाग्याच्या लांबीत लाकूड जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी बदलला तर दीड फूट रुंदीची सागवानी फळी पाच मिलिमीटरच्या आसपास कमी-जास्त होते. सोलापूरचा मे आणि सोलापूरचा सप्टेंबर यांत एवढा फरक सहज पडू शकतो. जुन्या सुताराला हा आकडा माहीत नव्हता, पण हालचाल माहीत होती. म्हणून तो दाराची चौकट वेगळी करायचा आणि मधली फळी चौकटीच्या खोबणीत नुसती सरकवून ठेवायचा, ना खिळा, ना सरस. फळी आपली आत हलत राहते, चौकट जागची हलत नाही.

मग चीर कशी पडली? ते कपाट उघडल्यावर कळलं.

मिस्त्री विजापूर रोडकडचे, साठीच्या पुढचे. त्यांनी आधी कपाटाला टकटक केलं, मग आडवे झाले आणि खालून बॅटरी मारली. “मॅडम, हे सुट्टं होतंय बगा.” आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं, सासूबाईंनाही नाही. वरचं शिखर नुसतं बसवलेलं होतं. खालचा बैठा पाट वेगळा. मधल्या दोन्ही बाजूंच्या चौकटींतून आडव्या पट्ट्यांची कुसवं, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, आरपार बाहेर आलेली आणि त्यांच्या पोटात लाकडी पाचरी. रंगाच्या थरांखाली पाचरींचा मागमूस नव्हता. मिस्त्रींनी पटाशीने रंग खरवडला, पाचरीच्या बारक्या टोकावर लाकडी ठोकळा धरून दोन घाव घातले, आणि पाचर टक्कन बाहेर आली. प्रत्येक खाचेशेजारी पटाशीच्या रेघा मारलेल्या होत्या, एक, दोन, तीन. जोडीच्या कुसवावरही तेवढ्याच. कुठलं कुठे बसायचं याची नोंद. घरात सांगतात की आजोबा जुन्या मिलमध्ये, म्हणजे १८७७ साली सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलमध्ये कामाला होते आणि कपाट तिथल्याच एका सुताराने सुट्टीच्या दिवशी येऊन केलं. खरंखोटं तपासायला काही साधन नाही, पण करणाऱ्याला हे कपाट कधीतरी घर बदलेल हे ठाऊक होतं एवढं नक्की.

चिरलेल्या फळीचा दोषी मधल्या काळातला निघाला. फळी वाजते म्हणून कुणीतरी तिला चौकटीत सरस भरून, वर चार खिळे मारून ‘पक्कं’ केलं होतं. दोन्ही कडा बांधल्यावर उन्हाळ्यात आटायला जागा उरली नाही, म्हणून ती मधेच फाटली. आणि वाळवीने खाल्लेला मागचा भाग मुळात सागवान नव्हताच. त्या देवदारी खोक्याच्या फळ्या होत्या, केव्हातरी बदललेल्या. वाळवीने त्या चाळून टाकल्या आणि शेजारच्या सागवानी चौकटीला तोंड लावलं नाही. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं आणि तेलं असतात, ती वाळवीला मानवत नाहीत. गाभ्यात, हे महत्त्वाचं. सालीलगतच्या फिकट लाकडाला हा गुण नाही, आणि आज कोवळ्या झाडांचं सागवान घेताना त्या फिकट पट्ट्याचेही पैसे आपण सागवानाच्या दराने मोजतो.

कपाट सुटं होतंय म्हटल्यावर तिसऱ्या मजल्याचा प्रश्न मिटला. हँगरचा मात्र राहिला, आणि तिथे मी सासूबाईंच्या विरोधात गेले. आतले कप्पे काढून मागे-पुढे दांडी टाकायची, असं मिस्त्रींनी सुचवलं होतं. त्याने कपाटही बिघडलं असतं आणि कपडेही धड दिसले नसते. त्याऐवजी बेडरूमच्या भिंतीतल्या कोनाड्यात चोवीस इंच खोल, दोन दारांचं टांगायचं कपाट प्लायवूडमध्ये केलं. साड्या, चादरी, लोकरीचं, कागदपत्रं सागवानी कपाटात. रोजचे ड्रेस, शर्ट, गणवेश नव्यात. सून तेवढ्यावर राजी झाली. आरसा मात्र मोठा हवा, ही तिची अट, ती मान्य.

प्लायवूडचं नाव काढल्यावर मुलगा म्हणाला, “म्हणजे तुम्ही पण लाकडाच्या बाजूच्या नाहीच.” मी सांधा उघडून दुरुस्त करता येतो का आणि लागणारं पाणी वस्तू सोसते का, एवढंच बघते. ओट्याखालची कपाटं सागवानात करणं म्हणजे पैसे सिंकमध्ये ओतणं. तिथे भारतीय मानक ७१० चं प्लायवूड घेतलं. याचा गोंद फिनॉलिक असतो आणि नमुना ७२ तास उकळूनही थर सुटू नयेत अशी परीक्षा असते. मानक ३०३ च्या साध्या, ओलरोधक दर्जाचं प्लाय सिंकखाली टिकत नाही. फळीवर छापलेला आकडा आणि आयएसआयचा शिक्का दोन्ही आपल्या डोळ्यांनी बघावेत, दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ आहे ओ’वर जाऊ नये. चपलांचं स्टँड तयारच आणलं, २,८०० रुपयांचं. तीन वर्षांनी फेकावं लागेल, आणि त्याचं कुणाला वाईट वाटणार नाही.

मधल्या काळात मुलाने शोरूममध्ये एक ‘शिसवी’ बेड पाहिला. फोटो पाठवला, किंमत भुरळ घालणारी. मी त्याला परत पाठवलं: बेडच्या डोक्याच्या फळीची आडवी कड बघ, पुढचा नक्षीचा धागा कडेवरून तसाच वळून खाली उतरतोय का, खालच्या कप्प्याची आतली, रंग न दिलेली बाजू बघ, दोन फळ्यांवर तीच गाठ त्याच जागी आहे का बघ. संध्याकाळी उत्तर आलं, “गाठ सेम आहे.” आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, वर छापील थर. बिलावर ‘इंजिनिअर्ड वूड’ लिहिलेलं, म्हणजे विक्रेता कायद्याने खोटं बोललेला नाही. ‘शिसवी फिनिश’, ‘सागवानी शेड’ यांतले दुसरे शब्द वाचायची सवय लागली की बरेच पैसे वाचतात.

बेडचं लाकूड शेवटी वाड्यातूनच आलं. वाडा पाडणाऱ्या ठेकेदाराशी करार करताना पाडलेलं सगळं लाकूड त्याचं, असं ठरून गेलं होतं. मोठ्या भावाने सांगून त्यातल्या दोन तुळया परत मिळवल्या. रंग, धूर आणि काजळीने दोन्ही काळ्या, एकसारख्या. मिस्त्रींनी टोक कापून पाहिलं. एक सागवान: सोनेरी तपकिरी, तेलकट, चामड्यासारखा मंद वास. दुसरी बाभूळ: लालसर, दगडासारखी जड, आणि सालीलगतच्या पांढऱ्या भागात टाचणीएवढी भोकं. भोकांतून पीठ गळत होतं, म्हणजे आत कीड जिवंत. ती बाजूला ठेवली; पांढरा भाग तासून टाकायचा, मग बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी पाजायचं, असं ठरलं.

सागवानी तुळई कापायला पहिल्या सॉ मिलने नकार दिला. जुन्या लाकडात खिळा असतोच आणि पात्याला लागला की पातं जातं. मिस्त्रींच्या नातवाने लोहचुंबक फिरवून, किकऱ्याने टोचून, वाटीभर खिळे काढले, त्यात चौकोनी घडीव खिळेही होते. मग दुसऱ्याने कापून दिली. तुळईतून बेडचे पाय, बाजूच्या दांड्या आणि डोक्याकडची चौकट निघाली; गादीखालच्या पट्ट्या नव्या लाकडाच्या. दांड्या पायांत कुसवाने बसतात आणि लोखंडी बोल्टने आवळतात, म्हणजे हाही सुटा होतो. खाली सामानाची सोय नाही. सून यावर नाराज होती, आजही आहे. खालून झाडू जातो, पाणी सांडलं तर पुसता येतं, असं मी सांगितलं, पण तिची जागा गेली ती गेलीच.

रंग काढणं हा भाग लोक सर्वांत सहज घेतात आणि तोच सर्वांत धोक्याचा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० पेक्षा, जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग मशीनने कोरडा घासला तर शिशाची धूळ घरभर बसते, आणि रांगत्या मुलाला त्याचा सगळ्यांत जास्त त्रास. म्हणून काम मिस्त्रींच्या शेडमध्ये, रंग उतरवायचं जेल लावून, खरवडून, उरलेलं पाणी मारून घासून केलं. तोंडाला साधा रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो. मिस्त्रींनी तो दहा मिनिटं घातला आणि मग गळ्यात अडकवला. खरवडलेले पापुद्रे पिशवीत बांधून ठेवले, शेगडीत टाकू दिले नाहीत.

चिरलेली फळी सोडवून, चिरेत त्याच तुळईची पातळ पट्टी बसवून, फळी पुन्हा मोकळी खोबणीत ठेवली. मागच्या बाजूला देवदारऐवजी प्लाय, पण खालून दोन बोटं वर, फरशीला न टेकणारं. पॉलिश लाखेचं: लिटरभर स्पिरिटमध्ये दीड-दोनशे ग्रॅम चपडा विरघळवून, कापडाच्या बोळ्याने हात-हात चढवलेलं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, जास्त टिकतं, चहाचा गरम कप सोसतं, म्हणून टेबलाला तेच मारलं. कपाटाला लाख, कारण ओरखडा पडला तर तेवढ्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवून नवा थर जुन्यात मिसळून जातो. पीयू खराब झालं की अख्खी फळी घासायला लागते. गौरी-गणपतीआधी घरात जायचं ही घाई नडली. सोलापुरात खरा पाऊस सप्टेंबरात, आणि दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. डावी बाजू तशी पडलीच. पॉलिशवाल्याने दोन दिवस थांबून, ऊन पडल्यावर स्पिरिटने पुसून ती पुन्हा केली.

आता आकडे. कपाटावर मिस्त्री आणि मदतनीस यांची मजुरी ९,५००, सामान ३,२००, पॉलिश ७,०००, पितळी बिजागऱ्या आणि कुलूप १,६००, टेम्पो १,५००. एकूण २२,८००. म्हणजे तयार वॉर्डरोबपेक्षा १,८०० रुपये जास्त, आणि त्याच्यापेक्षा कमी कपडे मावणारं. तसंच नवीन करायचं म्हटलं तर कपाटात सहा घनफुटांच्या आसपास लाकूड आहे. वखारीत आम्हाला सांगितलेला दर घनफुटाला साडेचार हजार होता, म्हणजे नुसत्या लाकडाचे २७,०००, कापणीत वाया जाणारं वेगळं, मजुरी वेगळी. बेड ३६,५०० ला पडला, तयार बेडच्या दुपटीहून जास्त. जेवणाचं टेबल जुनं घेतलं, दुरुस्तीसकट ११,५००. स्वयंपाकघर ८२,०००, टांगायचं कपाट २४,०००. चपलांच्या स्टँडसकट सगळं १,७९,६०० मध्ये झालं, आणि ते झालं कारण लाकूड घरचं होतं. वाडा नसलेल्या माणसाला मी दोन लाखांत सागवानी बेडचा सल्ला दिला नसता. लोखंडी पलंग घे आणि एक चांगली जुनी वस्तू शोध, असं सांगितलं असतं. सहा वर्षांत निकाली निघालेलं ते जुनं वॉर्डरोब भंगारवाल्याने फुकटसुद्धा नेलं नाही, टेम्पोवाल्याला टाकायचे पैसे द्यावे लागले. ते पैसे तयार वॉर्डरोबच्या २१,००० च्या शेजारी मांडायचे की नाही, यावर घरात अजून वाद आहे.

पुढच्या मे महिन्यात सुनेचा फोन आला. कपाटाच्या दोन दारांमध्ये फट पडली होती, पोस्टकार्ड आरपार जाईल एवढी. नवरा पट्टी ठोकायला निघाला होता. मी मिस्त्रींना फोन जोडून दिला. “आत्ता पट्टी मारली तर गणपतीत दार उघडणार नाही ताई. कूलर त्याच्या तोंडावरनं हलवा तेवढा.” कूलर खिडकीत सरकवला. सप्टेंबरात फट मिटली. वरची एक बिजागरी आवळायला मिस्त्री येऊन गेले, ३०० रुपये घेतले आणि बाभळीच्या तुळईचा विषय काढला. ती अजून त्यांच्या शेडमध्ये पडून आहे, कीड गेली आहे, मुलीच्या अभ्यासाचं टेबल होईल म्हणतात, चौदा हजारांत. सासूबाई तयार आहेत. सुनेने मला एका तयार टेबलाची लिंक पाठवली आहे, साडेचार हजारांची, आणि खाली विचारलं आहे, “ताई, याची कड कशी बघायची?”